खिडकीतला डोंगर

तुमसरच्या आमच्या शाखेत माझ्या टेबलामागे एक खिडकी होती. तिच्या गजांतून एका राईस मिलचं धुराडं दिसे, त्यामागे आंब्याची दोन झाडं, आणि पावसाळा सरून हवा निवळली की सगळ्यांच्या मागे डोंगरांची एक निळी रेघ. काउंटरवर गर्दी नसली की मी खुर्ची वळवून त्या रेघेकडे बघत बसे. एकदा पाण्याचा पेला ठेवता ठेवता शाखेचा शिपाई म्हणाला, “थो अंबागड होय जी साहेब. एक डाव चला. म्हातारे मानसंबी चढतेत.”

मी म्हणालो, “जाऊ की. एवढा मार्च आटोपू द्या.”

ही १९९१ सालची गोष्ट. बँकेत नोकरी केलेल्या कुणालाही विचारा, मार्च कधी आटोपत नसतो. तो संपला की इन्स्पेक्शन येतं, ते गेलं की पेरणीची पीककर्जं, मग सप्टेंबरची सहामाही, मग वसुलीचं टार्गेट, आणि पुन्हा मार्च. तीन वर्षांनी माझी बदली झाली. नागपूर, अकोला, नाशिक, पुन्हा नागपूर अशा बिऱ्हाडाच्या फेऱ्या झाल्या. मधल्या काळात रात्री जागून पाच कादंबऱ्या लिहिल्या. त्यातल्या दोनांत डोंगर आहेत, आणि दोन्ही मी न चढलेले. २०२० साली निवृत्त झालो. गळ्यात हार पडला, हाती शाल-श्रीफळ आलं, आणि अंबागड होता तिथेच, खिडकीत राहिला.

गेल्या डिसेंबरात नाताळच्या सुटीला पुण्याहून नात आली. वय वर्षं दहा, इयत्ता पाचवी. तिनं आल्या आल्या जाहीर केलं की तिच्या वर्गातल्या प्रत्येकानं निदान एक तरी ट्रेक केला आहे. कुणी सिंहगड, कुणी लोहगड, एकीनं तर राजमाची. “आणि आबा, तुमच्याकडे तर डोंगरच नाहीत!”

भंडारा जिल्ह्यात जन्मलेल्या माणसाला हे झोंबणारच. मी म्हणालो, “आहे एक.”

सौ.नं पोळी लाटता लाटता माझ्याकडे पाहिलं. ते नाव ती चौतीस वर्षं ऐकत आली होती. “उद्याच जाऊ,” ती म्हणाली. “नाहीतर तुमचा मार्च यायचा.”

आपल्याकडे डोंगर म्हटलं की सह्याद्री, असा एक समज होऊन बसला आहे. विदर्भातल्या माणसाला रान म्हटलं की जिप्सीत बसून वाघ बघणं आठवतं. मी तुमसरला होतो तेव्हा नागझिरा आणि नवेगावबांध दोन्ही भंडारा जिल्ह्यातच होते. १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा झाला आणि ती दोन्ही रानं तिकडे गेली. व्यंकटेश माडगूळकरांनी नागझिरा आणि मारुती चितमपल्लींनी नवेगावबांध मराठी घराघरांत पोचवलं. अंबागडाच्या वाट्याला तसं भाग्य आलं नाही. पण एक गोष्ट त्याच्याकडे आहे. अभयारण्यात आपण गाडीतून उतरायचं नसतं. अंबागडावर आपल्या पायांनी जाता येतं.

तेव्हा ज्यांनी आयुष्यात कधी डोंगर चढलेला नाही, ज्यांच्या घरी एक शाळकरी पोर आणि एक दुखरा गुडघा आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे. पट्टीच्या गिर्यारोहकांनी पान उलटलं तरी माझी हरकत नाही.

नागपूरहून भंडारा साधारण साठ किलोमीटर. तिथून वरठी, मोहाडी करत तुमसर, आणि तुमसरहून आणखी बारा-तेरा किलोमीटरवर सातपुड्याच्या या टोकाशी अंबागड. रेल्वेनं यायचं तर मुंबई-हावडा मार्गावर तुमसर रोड स्टेशन आहे. आम्ही पहाटे साडेपाचला निघालो. धानकापणी आटोपलेली होती. रिकाम्या बांध्यांतून लाखोळी फुलली होती, निळसर-जांभळी, दवानं ओली. उभ्या धानातच हिचं बी फेकतात, आणि धान कापून नेलं की मागे राहिलेल्या ओलीवर ती वाढते. आमच्या भागात जमिनीला रिकामं बसू देत नाहीत.

आता हिशेबाचं बोलू, कारण त्याशिवाय बँकवाल्याला चैन पडत नाही. नवख्या माणसाचा पहिला प्रश्न असतो, किती वेळ लागेल? १८९२ साली नेस्मिथ नावाच्या एका स्कॉटिश गिर्यारोहकानं याचा ठोकताळा बांधून ठेवला आहे. दर ३ मैलांना १ तास, आणि दर २,००० फूट चढाला आणखी १ तास. आजही जगभरचे डोंगरभटके तो वापरतात. या हिशेबानं अंबागड म्हणजे अगदीच किरकोळ रक्कम. पायथ्यापासून वर जायला पायऱ्या आहेत. धडधाकट माणूस अर्ध्या-पाऊण तासात दरवाजाशी पोचतो. नेस्मिथनं आजीचे गुडघे आणि नातीचं कुतूहल मात्र हिशेबात धरलेलं नाही. आम्हाला वर जायलाच दीड तास लागला आणि त्यातलं एक मिनिटही वाया गेलं नाही.

जायचं ते नोव्हेंबर ते फेब्रुवारी. उन्हाळ्यात आमच्याकडचा दगड तापतो की त्यावर भाकर भाजावी; पावसाळ्यात शेवाळलेल्या पायऱ्या दगा देतात. महाशिवरात्रीला जवळच्या गायमुखला मोठी यात्रा भरते. गर्दीची आवड असेल तर ते दिवस, नसेल तर ते टाळा. माणशी दोन लिटर पाणी, पायात तळ न घसरणारे बूट, अंगात पूर्ण बाह्यांचे कपडे, डोक्याला टोपी किंवा रुमाल. वर काही मिळेल या भरवशावर जाऊ नये. जुन्या भिंतींना आग्यामोहोळं लागतात, तिथे अत्तर, बिडी-काडी आणि आरडाओरडा नको. नीट उजाडल्याशिवाय चढायचं नाही आणि दिवस कलायच्या आत खाली यायचं, कारण पेंच आणि नागझिऱ्याच्या दरम्यान वाघांची ये-जा याच बाजूच्या जंगलांतून चालते आणि अस्वलं तर घरचीच आहेत. पायथ्याच्या गावात आधी चौकशी करावी. गावकरी नको म्हणाले तर मुकाट्यानं चहा पिऊन परत फिरावं. ज्या गावाचा डोंगर, त्याचा शब्द शेवटचा.

आठच्या सुमाराला आम्ही पहिल्या पायरीवर पाय ठेवला. नात मोठ्यानं पायऱ्या मोजू लागली. दोनशेच्या पुढे कुठेतरी वानरांची एक टोळी आडवी गेली आणि हिशेब चुकला. “आबा, परत खालून मोजूया?” असं तिनं विचारलं तेव्हा आजीनं जो चेहरा केला तो बघण्यासारखा होता.

निम्म्या वाटेवर एका सपाट दगडावर सौ. बसली. “तुम्ही दोघं व्हा पुढे. मी इथे बसते. मला इथून पुष्कळ दिसतं.” डबा आणि पाण्याची एक बाटली तिच्याजवळ ठेवली, पण माझा पाय निघेना. एकटीला कसं सोडायचं? एवढ्यात आडव्या पाऊलवाटेनं सरपणाच्या मोळ्या घेतलेल्या चार बायका आल्या. मोळ्या उतरवून त्याही दम खायला टेकल्या. त्यांतली एक वयस्क बाई आमच्याकडे निरखून पाहत म्हणाली, “फिराले आले का जी?”

“हो. गडावर चाललो आहोत.”

“वरून का आनाचं हाये?”

काय आणायचं आहे? मला उत्तर सुचलं नाही. नात म्हणाली, “काहीच नाही, नुसतं बघायचंय.” बायका हसल्या. टिंगल नव्हती त्यात. कुणी रिकाम्या हातानं डोंगर चढतो आणि रिकाम्या हातानं उतरतो, याची त्यांना गंमत वाटली एवढंच. “जा जी तुमी,” बाई म्हणाली, “आमी बसतो बाईजवळ.”

मग मी आणि नात पुढे झालो. पानगळ सुरू झाली होती. सागाची मोठाली पानं पायाखाली पापडासारखी मोडत होती. मगरीच्या पाठीसारख्या सालीचं झाड दिसलं की तो ऐन, आमच्याकडे म्हणतात येन, एवढं मला ठाऊक होतं. एक झाड पांढरंफटक, गुळगुळीत, अंगावर एक पान नाही. ते कढईचं झाड. कुलूही म्हणतात. चांदण्यात हे भुतासारखं दिसतं असं सांगितल्यावर नातीनं माझा हात धरला आणि चांगली वीस पावलं सोडला नाही. टकाचोर ओरडला, कुठेतरी तांबटाची टुकटुक चालू होती. अधूनमधून मी उगाचच थांबून “ऐक” म्हणत होतो. खरं कारण दम लागला हे होतं. नवख्यांनी ही युक्ती लक्षात ठेवावी. पक्षी ऐकण्याच्या निमित्तानं थांबलं की अब्रू राहते, आणि पक्षी खरोखरच ऐकू येतात.

गडाच्या दरवाजाशी पोचलो तेव्हा ऊन अंगाला गोड लागत होतं. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह याचा सरदार राजा खान पठाण यानं हा किल्ला १७०० च्या सुमारास बांधला. याच बख्त बुलंदानं १७०२ मध्ये नागपूर वसवलं असं मानतात. म्हणजे हा गड आणि आमचं नागपूर शहर जवळजवळ एकाच वयाचे. एक वाढून वाढून चहूकडे पसरलं, दुसऱ्यावर झाडं उगवली. पुढे गड नागपूरकर भोसल्यांकडे आला आणि त्यांनी त्याचा तुरुंग केला. आतल्या विहिरीचं साचलेलं, विषारी पाणी पाजून इथे कैद्यांना मारीत, अशी जुनी वदंता गॅझेटियरनंही नोंदवून ठेवली आहे. खरंखोटं त्या विहिरीलाच माहीत. नातीला हा भाग फार आवडला. तिनं आपली पाण्याची बाटली उन्हात धरून दोनदा तपासली.

आम्ही तटाजवळ सावलीला बसलो. समोर सगळा मुलूख उघडा पडला होता. धानाच्या बांध्या, पळसांच्या रांगा, मधेच आरशाच्या तुकड्यासारखा चकाकणारा एखादा तलाव. कोहळी समाजाच्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या असे तलाव बांधून हा जिल्हा धानाचा केला. १९५० च्या कायद्यानं मालगुजारी संपली. तलाव ‘माजी मालगुजारी’ झाले आणि लोकांनी त्यांना लाडानं ‘मामा तलाव’ करून टाकलं. याच तालुक्यात चिखला आणि डोंगरी बुजुर्ग या मॅंगनीजच्या खाणी आहेत. डोंगरी बुजुर्गचं खनिज टॉर्चच्या सेलमध्ये वापरतात. मी नातीला म्हटलं, “तुझ्या टॉर्चमध्ये आमच्या तालुक्याची माती असेल.” ती म्हणाली, “माझा टॉर्च चार्जिंगचा आहे.” बापड्या आबांनी विषय बदलला.

तेवढ्यात खाली, डोंगराला बिलगून असलेली घरं दिसली. कौलांच्या जागी आता पुष्कळ ठिकाणी पत्रे आणि स्लॅब आले आहेत. पण गावाची ठेवण तीच होती. त्यातल्या एका घरापर्यंत मी पूर्वी आलेलो होतो. डोंगर चढलो नव्हतो, पण त्याच्या पायाशी येऊन परत गेलो होतो. हे मी घरी सौ.शिवाय कुणाला सांगितलेलं नाही, आणि पाच कादंबऱ्यांतही लिहिलेलं नाही.

१९९२ साल. एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रम जोरात होता. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला गाय, म्हैस, शेळ्या घ्यायला कर्ज द्यायचं. शेतमजुराला किमतीच्या एक तृतीयांश सरकारी अनुदान. या गावातल्या एका शेतमजुराला आम्ही साडेचार हजारांची म्हैस दिली. दीड हजार अनुदान, तीन हजार कर्ज. म्हशीचा विमा उतरवलेला होता. विम्याची खूण म्हणून तिच्या कानात पत्र्याचा नंबरी बिल्ला. जनावर मेलं तर तो बिल्ला आणि गुरांच्या डॉक्टरचा दाखला आणायचा, मग भरपाई. बिल्ला नाही तर क्लेम नाही, हा नियम.

त्याच पावसाळ्यात म्हशीला गोठ्यात साप चावला. माणसानं रडत-भेकत तिला डोंगराच्या पायथ्याशी पुरली. कानातल्या बिल्ल्यासकट.

पंधरा-वीस दिवसांनी मी तपासणीला आलो. मोटरसायकलवर मागे तोच शिपाई. अंगणात बाज टाकली गेली, काळा चहा आला. मी बिल्ला मागितला. तो माणूस माझ्याकडे बघतच राहिला. मग म्हणाला, “खोदून आनू का जी?” मी नको म्हणालो. वीस दिवसांनी, डॉक्टरच्या दाखल्याशिवाय, त्याचा उपयोग नव्हता. मी फाइलीत लिहिलं, ‘म्हैस मृत. बिल्ला उपलब्ध नाही. नियमाप्रमाणे वसुली करावी.’ त्याआधीच्या कर्जमाफीचा शिमगा नुकताच होऊन गेलेला, त्यामुळे वसुलीचं नाव काढलं की वरचे साहेब कान टवकारीत. विशेष बाब म्हणून विमावाल्यांना एक शिफारसपत्र लिहिता आलं असतं. लिहिलं असतं तर मंजूर झालंच असतं असं नाही. पण मी ते लिहिलंच नाही.

निघताना तो माणूस म्हणाला, “साहेब, येवढे आले त गड पाहून जा. पोरगा येते संगं.” मी घड्याळाकडे पाहिलं आणि किक मारली.

कर्ज फिटलं. पुढच्या दोन वर्षांत, दोन मार्च-एप्रिलमध्ये. शेवटचा हप्ता भरायला त्याची बायको स्वतः आली होती. तिनं पदराची गाठ सोडून नोटा काउंटरवर ठेवल्या. चुरगळलेल्या, दमट, आणि त्यांना एक उग्र गोड वास. कॅशियरनं नाक मुरडलं. शिपाई हळूच म्हणाला, “मोहाचा वास होय जी. मोहफुलं वेचून भरलन बाईनं.”

मोहाची फुलं मार्च-एप्रिलात गळतात, तीही पहाटे. उजाडायच्या आत टोपली घेऊन झाडाखाली हजर राहावं लागतं, नाहीतर जनावरं खाऊन जातात. टोपलीभर फुलं वेचून उन्हात वाळवली की पार आक्रसून जातात, आणि मग ती वजनावर विकली जातात. म्हणजे ज्या महिन्यात मी शाखेत दिवे लावून वसुलीची टक्केवारी काढत बसलेला असे, त्याच महिन्यात ती बाई याच उतारावर वाकून ती टक्केवारी एक-एक फूल वेचत होती. त्या वर्षी आमच्या शाखेची वसुली चांगली झाली. माझं नाव झालं. लगेच मला बदली मिळाली, हवी तिथे.

“आबा, तुम्ही गप्प का?” नात विचारत होती. मी म्हटलं, “दम खातोय.” ते खोटं नव्हतं.

उतरणं चढण्यापेक्षा अवघड असतं, हेही नवख्यांनी लक्षात ठेवावं. गुडघे किंचित वाकवून, पावलं आखूड टाकत उतरावं. घाई करू नये. खाली सौ. दगडावर मजेत बसली होती. बायका गेल्या होत्या. पण तेवढ्या अर्ध्या तासात तिनं माझ्यापेक्षा जास्त डोंगर पाहिला होता. समोरचं तांबूस पानांचं झाड धावडा आहे आणि त्याचा डिंक लाडवात घालतात, हे तिला कळलं होतं. तिच्या डब्यात डिंकाचेच लाडू होते! वाण्याकडून पुडी आणण्यात तिचा सगळा संसार गेला आणि झाड चौसष्टाव्या वर्षी दिसलं. बायकांना तिनं एकेक लाडू दिला होता. एकीनं तो पदरात बांधून घेतला, नातवासाठी.

आणखीही एक गोष्ट त्यांनी तिला सांगितली होती. हल्ली चौघीजणी मिळूनच रानात जातात, एकटं कुणी जात नाही. नाल्याच्या रेतीत वाघाचे पंजे दिसतात. मे २०२५ मध्ये शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात तेंदूपानं तोडायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या, ते इथेही सगळ्यांना ठाऊक आहे. “मी विचारलं, मग भीती वाटत नाही का?” सौ. सांगत होती. “तर म्हणाल्या, वाटते ना. म्हणून तर बोलत-बोलत जातो.”

आम्ही या डोंगराला सोपा म्हणून आलो होतो. तो सोपाच आहे. मी वर लिहिलेलं काही मागे घेत नाही. पण सोपा कुणाला, हे तुम्ही वरून काय आणणार आहात यावर ठरतं.

पायथ्याशी आल्यावर मी गाडीचं दार उघडलं, तशी सौ. म्हणाली, “अहो, त्या घरी जाऊन येऊ या.”

“कोणत्या?”

“तुम्हाला माहीत आहे कोणत्या.”

घर सापडायला वेळ लागला नाही. तो माणूस वारून बरीच वर्षं झाली होती. मुलगा ट्रॅक्टरवर गेला होता. सून विहिरीवर. अंगणात उन्हाला एक म्हातारी लाखोळीची भाजी खुडत बसली होती. तीच ती. तिनं डोळ्यांवर हात धरून आमच्याकडे पाहिलं.

“कोन होय जी?”

मी बँकेचं नाव सांगितलं. मी कोण, कधी आलो होतो, ते सांगितलं. तिला काही आठवेना. बँकेचे साहेब आले नि गेले. चेहरे कुणी लक्षात ठेवायचे? मग मी म्हशीचं सांगितलं. तिचा चेहरा एकदम उजळला.

“थे म्हस? मोठी मारकी होती जी थे! दूध काढाले बसलं का लाताच मारे.” आणि बोळक्या तोंडानं ती जी हसायला लागली की नातही हसू लागली. मला मात्र हसता येईना. मी काहीतरी बोलायला हवं होतं. तेहेतीस वर्षांत मनात किती वेळा मसुदा केला होता! मी म्हणालो, “आई, त्या वेळी विम्याचं काम व्हायला पाहिजे होतं. माझ्याकडून राहून गेलं.”

तिनं हातातली भाजी खाली ठेवली. माझ्याकडे जरा काळजीनं पाहिलं. एवढ्या वर्षांनी बँकेचा माणूस दारात, तिला वेगळीच शंका आली असावी.

“आमी पैसे फेडलो ना जी?”

“फेडले. सगळे फेडले.”

“मंग झालं,” ती म्हणाली, आणि पुन्हा भाजी खुडू लागली.

खातेवहीत ‘खाते बंद’ असा शिक्का असतो. तो मी आयुष्यात हजारो वेळा मारला. पण समोरच्यानं आपल्या खात्यावर मारलेला असा शिक्का मी पहिल्यांदाच अनुभवला. तिचं खातं केव्हाच बंद झालेलं होतं. उघडं होतं ते माझं, आणि ते बंद करणं तिच्या हातात नव्हतं.

काळा चहा झाला. सौ.नं उरलेले लाडू सुनेच्या हातात दिले. म्हातारीनं नातीला जवळ ओढून विचारलं, “चढली का वं पोरी गडावर?” नात अभिमानानं हो म्हणाली आणि पायऱ्यांचा हिशेब वानरांनी कसा चुकवला ते सांगू लागली. म्हातारीनं कौतुकानं मान डोलावली. निघताना ती म्हणाली, “आता का हाये जी डोंगरावर? मोहाच्या दिवसात या. पाह्यटे. फुलं पडतेत त पावसावानी आवाज येते.”

“मोहाचे दिवस म्हणजे?” नातीनं विचारलं.

“मार्च,” मी म्हणालो.

गाडीत बसल्यावर बराच वेळ कुणी बोललं नाही. मग सौ. म्हणाली, “मार्चात तुम्हाला आता काही काम नाही ना?”

नाही. चाळीसेक मार्च मी दिव्याच्या उजेडात आकड्यांवर वाकून घालवले आणि त्यांतल्या एकाही मार्चात मोहाचं फूल पडताना ऐकलं नाही. येत्या मार्चात पहाटे उठून जायचं ठरवलं आहे. म्हातारीच्या सुनेबरोबर, तिच्या झाडाखाली, तिच्या टोपलीत. फुलं वेचायला कंबर वाकते की नाही ते बघायचं आहे.

या वेळी वरून काय आणायचं, ते मला माहीत आहे.